कार्ड केशरी, धान्य बंद

‘ताई, कार्ड चालू आहे तुमचं. धान्य चालू नाही.’ रेशनच्या दुकानात दुकानदाराने हे इतक्या सहज सांगितलं, की रांगेतल्या कुणी मानही वर केली नाही. बाईच्या हातात कोरं केशरी कार्ड होतं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं, आणि काखेत घडी केलेल्या दोन पिशव्या, एक गव्हाची, एक तांदळाची. दुकानदाराने कार्डाच्या नंबरचे बारा आकडे मशीनवर टाकले, स्क्रीन तिच्याकडे वळवली, मग तिला त्यातलं काय कळणार असं वाटून परत स्वतःकडे फिरवली. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, ‘मग हे कार्ड दिलं कशाचं?’ उत्तर त्याला ठाऊक होतं, पण काउंटरवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. मागच्या माणसाने आपली पिशवी पुढे सरकवली आणि रांग हलली.

तो प्रश्न डोक्यातून जात नाही, कारण तो अगदी रास्त आहे.

कार्डाचा रंग ही एक गोष्ट आणि त्या कार्डावर दरमहा धान्य येणं ही दुसरी. रंगांची विभागणी १ मे १९९९ पासूनची. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरं. घरात टॅक्सी सोडून दुसरी चारचाकी असली किंवा चार हेक्टर बागायत जमीन असली, तरी केशरी मिळत नाही. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला, १ फेब्रुवारी २०१४ पासून तो आपल्या राज्यात लागू झाला, आणि त्याने रंगांना हात न लावता वरून दुसरीच वर्गवारी ठेवली: अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्यला माणशी ५ किलो. जुन्या केशरी कार्डांतली काही ‘प्राधान्य’मध्ये गेली, त्यांच्यावर तसा शिक्का बसला, आणि बाकीची नुसतीच केशरी राहिली. एकाच गल्लीत, एकाच रंगाची दोन कार्डं असतात. एकावर पाच माणसांचं २५ किलो धान्य येतं, दुसऱ्यावर दाणाही येत नाही. दुसऱ्याला ऑफिसच्या भाषेत ‘एनपीएच’ म्हणतात, म्हणजे प्राधान्यात नसलेलं कुटुंब. दुकानात त्याचं भाषांतर ‘धान्य बंद’ असं होतं, पण नव्या कार्डावर बंद व्हायला ते मुळात कधी सुरूच झालेलं नसतं.

प्राधान्यमध्ये बसायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न शहरात ५९ हजारांच्या आत आणि गावात ४४ हजारांच्या आत हवं. बाराने भागून पाहा. शहरात महिन्याला पाच हजारही होत नाहीत, गावात साडेतीन हजारांच्या थोडे वर. आणि हा आकडा एका माणसाचा नाही, अख्ख्या घराचा. चार घरची धुणीभांडी करणारी बाई एकटीच्या कमाईवर ही हद्द ओलांडते. नवरा गवंड्याच्या हाताखाली महिन्यातले पंधरा दिवस गेला तरी संपलंच. म्हणजे मर्यादा काटेकोर पाळायची ठरवली, तर ज्यांच्यासाठी ती आखली त्यातले बहुतेक जण बाहेर पडतील. हे अर्ज लिहिणाऱ्याला माहीत असतं, तपासणाऱ्याला माहीत असतं, सही करणाऱ्यालाही माहीत असतं. सेतू केंद्रावरचा मुलगा उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म उघडून पहिला प्रश्न विचारतो, ‘कशासाठी हवाय?’ रेशनसाठी म्हटलं की हात आपोआप एका आकड्याकडे जातो, शिष्यवृत्तीसाठी म्हटलं की दुसऱ्याकडे. खाली स्वयंघोषणापत्र असतं, खोटी माहिती दिल्यास शिक्षेस पात्र राहीन असं त्यात छापलेलं असतं, आणि बाई तिथे अंगठा उठवते. पुढे कधी कार्डांची तपासणी मोहीम निघाली की हाच कागद तिच्याविरुद्ध जातो. पक्की नोकरी आणि दारात गाडी असूनही प्राधान्यात बसलेले आहेतच, त्यांची नावं निघायला हवीत याबद्दल दुमत नाही. पण महिन्याला आठ-दहा हजारांत पाच माणसं चालवणारीला आणि त्यांना एकाच चाळणीत घालायचं म्हणजे चाळणी करणाऱ्याने डोळे मिटून घेतले असं म्हणावं लागेल.

बरं, उत्पन्न बसलं, कागद बसले, तरी जागा हवी. या जागेला ‘इष्टांक’ म्हणतात आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत दिवसातून सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारा शब्द बहुधा हाच. कायद्याने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य द्यायचं ठरवलं. राज्याराज्यांत वाटणी होताना महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात ७६.३२ आणि शहरी भागात ४५.३४ टक्के आले. २०११ च्या जनगणनेवर हे गणित मांडलं तेव्हा आकडा निघाला सात कोटी सोळा हजार. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आकडा तिथेच आहे. २०११ साली जन्मलेलं पोर आता मिसरूड फुटण्याच्या वयात आलं, त्याच्यामागून आलेली भावंडं शाळेत जातात, पण राज्याच्या हिशेबात लोक तेवढेच. स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ही संख्या नव्याने ठरवण्याचं काम हाती घ्यायला सांगितलं होतं. आकडा मात्र हललेला नाही. तो जिल्ह्यांत वाटला जातो, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून दुकानांवर. दुकानाची यादी भरली की नव्या अर्जावर शेरा पडतो: इष्टांक शिल्लक नाही.

कुणाचं नाव कमी झालं की कुणाचं तरी लागतं.

यादीत जागा होते ती मयतामुळे, लग्न होऊन गेलेल्या मुलींमुळे, गाव सोडून गेलेल्यांमुळे आणि अलीकडे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, न झालेल्यांमुळे. म्हणूनच आजी वारल्यावर तिचं नाव दोन-दोन वर्षं तसंच ठेवणाऱ्या घरावर चिडावं तरी पंचाईत आणि न चिडावं तरी. त्या पाच किलोंमुळे शेजारची सून खोळंबलेली असते, आणि ते पाच किलो सोडले तर आपल्याच नातवाचं नाव लागेल याची खात्री नसते. नमुना ९ भरून नाव कमी करायला दिलं की ते लगेच कमी होतं. नमुना ८ भरून नाव वाढवायला दिलं की वाट बघावी लागते. घरातल्या माणसांना हा फरक कुणी समजावून सांगितलेला नसतो, पण अनुभवाने तो पुरता कळलेला असतो.

नवं कार्ड काढताना लोक जिथे हमखास अडकतात, ती जागा म्हणजे क्रम. अर्ज नमुना १ चा. सोबत सगळ्यांची आधार कार्डं, वीजबिल किंवा भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, घरातल्या बाईच्या बँक पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो. बाईचं पासबुक अशासाठी, की कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरतात. पण या सगळ्याच्या आधी एक काम असतं: नवराबायको दोघांची नावं आपापल्या जुन्या कार्डांवरून कमी झालेली हवीत. नवऱ्याचं आईवडिलांच्या कार्डावरून, बायकोचं माहेरच्या. नुसता पेनने काट मारलेला आणि शिक्का मारलेला दाखला पुरत नाही, नाव ऑनलाइन निघालेलं लागतं. सिस्टीम आधार क्रमांकावर चालते आणि एक आधार एकाच कार्डावर बसतो. माहेरच्या तहसीलमध्ये कागदावर नाव कमी झालं, पण संगणकावर कमी करायचं राहिलं, तर सासरचा अर्ज ‘आधार आधीच नोंद आहे’ म्हणून परत येतो. मग सून दोन तालुक्यांच्या मध्ये लटकते. माहेरचा कारकून म्हणतो आम्ही केलं, इकडचा म्हणतो दिसत नाही. दोघंही आपापल्या जागी खरे असतात. अशा वेळी माहेरच्या कार्डाचा बारा अंकी नंबर घ्यावा आणि रेशनच्या मशीनचा हिशेब ठेवणाऱ्या महाईपॉसच्या संकेतस्थळावर आरसी, म्हणजे रेशन कार्डाच्या, तपशिलात टाकून बघावा. नाव दिसतंय की नाही ते तिथे दोन मिनिटांत कळतं, वाद घालावा लागत नाही.

आणि दुसरं, जे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. कार्ड मिळालं म्हणजे अर्ध काम झालं. प्राधान्य कुटुंब योजनेत समावेश करावा असा वेगळा अर्ज द्यावा लागतो, त्याची पोच घ्यावी लागते, पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख असावी लागते. जागा झाली की कुणाला आधी, याचं उत्तर त्या तारखेवर ठरायला हवं. नेहमी तसंच होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण पोच हातात नसेल तर बोलायला जागाच उरत नाही. मंजुरी आल्यावरही लगेच पिशव्या घेऊन निघू नये. दुकानाचं त्या महिन्याचं नियतन, म्हणजे वाट्याला येणारं धान्य, आधीच ठरलेलं असतं, त्यानंतर चढलेली युनिटं, म्हणजे कार्डावरची माणसं, पुढच्या महिन्यात दिसतात. दुकानदाराने ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं, तर दर वेळी तो टाळतच असतो असं नाही.

नुसत्या केशरी कार्डाची आठवण घरात एरवी फारशी निघत नाही, निघते ती दवाखान्यात. महात्मा फुले योजनेच्या काउंटरवर कार्ड मागतात, कार्ड असतं, पण बारा अंकी नंबर ऑनलाइन नसतो. पेशंट वर वॉर्डात आणि मुलगा खाली तहसीलमध्ये, असं चित्र पुरवठा शाखेच्या कुठल्याही टेबलाशी अर्धा तास उभं राहिलं तर दिसतं. कार्ड घरात पडून असेल तर आधी एवढं तरी करून ठेवावं: नंबर ऑनलाइन आहे का, नावं सगळी आहेत का, स्पेलिंग आधारशी जुळतंय का.

आता अंगठा. दुकानातलं ई-पॉस मशीन टिफिनच्या डब्याएवढं, त्यावर ठसा घ्यायची काच नखाहून जरा मोठी. पोत्याची धूळ, गव्हाचा कोंडा आणि आधीच्या पन्नास अंगठ्यांचा घाम त्या काचेवर साचलेला. म्हातारी अंगठा ठेवते, मशीन नाही म्हणते. ती पदराला पुसून पुन्हा ठेवते, पुन्हा नाही. दुकानदार तिचा अंगठा आपल्या हातात धरून दाबतो, आणि इथेच चूक होते. जोर दिला की त्वचेवरच्या रेषा सपाट होऊन एकमेकींत मिसळतात आणि ठसा आणखी बिघडतो. काच कोरड्या फडक्याने पुसावी, बोट हलकं आणि पुरतं टेकवावं, हिवाळ्यात कातडी फुटली असेल तर बोटाला किंचित ओलावा द्यावा. आणि अंगठ्याचाच हट्ट धरू नये. आधारमध्ये दहाही बोटं असतात, पुष्कळदा मधलं किंवा अनामिका लागून जाते, कारण भांडी, सिमेंट, कापूस, कोयता या सगळ्यांत झिजतात ते अंगठा आणि तर्जनी. घरातल्या कार्डावरच्या कुठल्याही एका माणसाचा ठसा लागला तरी सगळ्यांचं धान्य मिळतं. अडतं ते एकट्या म्हाताऱ्या माणसाचं, ज्याच्या कार्डावर दुसरं कुणी नाही. डोळ्याचं स्कॅन, मोबाइलवर ओटीपी हे मार्ग आहेत, पण ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर कुणाच्या तरी मुलाचा असतो आणि तो मुलगा भिवंडीला असतो.

ई-केवायसीचं प्रकरण याहून वेगळं, कारण तिथे एकाचा ठसा सगळ्यांना चालत नाही. कार्डावरच्या प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात ती होते, पैसे पडत नाहीत, आणि बोटं लागत नसतील तर ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवूनही करता येते. त्यासाठी फोनमध्ये आधारचं फेस आरडी ॲप वेगळं घालावं लागतं, हे राहून जातं आणि लोक ॲपला शिव्या घालत बसतात. सर्वांत जास्त घोळ पोरांचा. बाळाचं आधार काढताना फक्त फोटो घेतात, बोटांचे ठसे घेतच नाहीत. ते पाच वर्षांनंतर द्यायचे असतात आणि पंधरानंतर पुन्हा एकदा. ते दिलेच नसतील तर आठ-नऊ वर्षांचं पोर दुकानात आणून कितीही वेळा बोट टेकवलं तरी जुळणार कशाशी? आधारमध्ये ठसाच नाही. दुकानदार ‘नेट नाही’ म्हणतो, आई दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून पोराला पुन्हा आणते. खरं तर त्याला आधी आधार केंद्रावर न्यायला हवं, ठसे चढायला काही दिवस द्यायला हवेत, आणि मग दुकानात. एवढं एक वाक्य दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं तर किती हेलपाटे वाचतील! फळ्यावर मात्र साठा आणि दर. दरांच्या रकान्यात गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये पुसून ‘मोफत’ लिहिलेलं असतं. १ जानेवारी २०२३ पासून धान्याला पैसे पडत नाहीत.

फुकट झाल्यापासून एक गोष्ट बदलली, आणि ती फारशी चांगली नाही. पैसे देत होते तेव्हा बायका पावतीवर भांडायच्या. आता पावती मागितलीच जात नाही. मशीनमधून ती निघते, दुकानदार ती चुरगाळून टाकतो किंवा रोल संपलेला असतो. त्या पावतीवर किती युनिट, किती गहू, किती तांदूळ, सगळं असतं. माणशी ५ किलोंतलं गव्हातांदळाचं प्रमाण महिन्यागणिक, जिल्ह्यागणिक बदलतं, कधी गव्हाच्या जागी ज्वारी येते, त्यामुळे ‘मागच्या वेळी गहू जास्त होता’ या आठवणीचा उपयोग नाही. पावतीच बघावी लागते. पाच माणसांच्या घराला पावतीवर २५ किलो आणि पिशवीत साडेतेवीस, हा प्रकार इतका सवयीचा झालाय की त्याला ‘कट’ असं नावही पडलंय. विचारलं तर दुकानदार ‘घट’ म्हणतो.

त्याचीही बाजू आहे, आणि ती ऐकून घ्यायला हवी. क्विंटलमागे मार्जिन बरीच वर्षं दीडशे रुपये होतं, २०२५ मध्ये ते १७० झालं. म्हणजे किलोला एक रुपया सत्तर पैसे. महिन्याला शंभर क्विंटल, म्हणजे दोन हजार युनिटं वाटणाऱ्या दुकानदाराच्या हातात सतरा हजार पडतात. त्यातून गाळ्याचं भाडं, लाइट, मदतनिसाचा पगार आणि पोती उतरवणाऱ्या हमालाला देणं. द्वारपोच योजनेतून माल दुकानापर्यंत येतो खरा, पण ट्रक दारात उभा करून पोतंन् पोतं वजन करून घेणं सगळीकडे होत नाही. ज्यूटचं रिकामं बारदानच अर्धा किलोहून जास्त भरतं, पन्नास किलोच्या पोत्यात ते धरलंय की वगळलंय यावरच किलोचा मेळ बसतो किंवा बिघडतो. वर उंदीर, सांडलवंड. वरून आलेली घट तो खाली ढकलतो, आणि ढकलता ढकलता स्वतःचीही थोडी घालतो. कट घेणाऱ्याला चोर म्हणून मोकळं होता येतं, आणि दीड किलो कमी नेणाऱ्या बाईच्या जागी आपण असतो तर म्हटलंही असतं. पण सतरा हजारांत प्रामाणिकपणे दुकान चालवून दाखवणाऱ्यांना विचारलं तर तेही सांगतात, जोडीला किराणा किंवा झेरॉक्सचं मशीन नसेल तर जमत नाही.

तांदळाची तक्रार वेगळीच. ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ ही हाकाटी दर वर्षी कुठे ना कुठे उठते. तांदूळ परातीत घेऊन पाणी घातलं की काही दाणे वर तरंगतात. बाकीच्यांसारखेच लांब, पण जरा फिकट, धुरकट पांढरे, कडा अंमळ गोलसर. बोटांत चुरडले तर तांदळासारखे टणक न लागता मऊ होतात. बायका ते वेचून काढतात, गॅसवर जाळून बघतात, काळे पडले की खात्री पटते. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात पाडलेले, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात. म्हणजे किलोत दहा ग्रॅम. ते वेचून टाकले की उरतो तो साधा तांदूळ, ज्यासाठी सरकारने हा खटाटोप केला ते सगळं मोरीत. तांदूळ फार चोळून धुतला, भात शिजवून पेज ओतून दिली, तरी थोडंफार तेच. २०२४ पर्यंत रेशनचा सगळा तांदूळ असा झाला, पण वाटताना दुकानात मूठभर दाणे हातात घेऊन दाखवावेत, हे कुणाला सुचलं नाही. पोत्यावर छापलेलं असतं. पोतं दुकानातच राहतं आणि तांदूळ घरी जातो.

हाच तांदूळ विकण्याबद्दलही बोललं पाहिजे. मोटारसायकलवर काटा अडकवून गल्लोगल्ली फिरणारे घेणारे असतात, आणि घरात भाकरी खाणारी माणसं तीन-चार महिन्यांचा साठलेला तांदूळ त्यांना घालतात. हे बेकायदा आहे. फुकट मिळतं म्हणून माज आलाय, असं म्हणणारे पुष्कळ असतात. पण त्या पैशांचं घरात काय येतं ते पाहिलं तर तेल येतं, डाळ येते, मिरची येते. रेशनवर डाळ नाही, तेल नाही, साखर फक्त अंत्योदयला कार्डामागे एक किलो. नुसता भात आणि चपाती खाऊन जेवण होत नाही, हे धान्य मोजणाऱ्यांनी कधी मोजलं नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ आला, तेव्हा दुकानापुढच्या रांगा बघायला हव्या होत्या. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी पैसेच देतात, माणशी महिना दीडशे, नंतर १७० रुपये. बाजारात त्यात पाच किलो गहू येतात का, हा हिशेब बाजाराला जाणाऱ्याने करावा.

अंत्योदयचं गणितही एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. राज्यात अशी २५ लाखांवर कुटुंबं. कार्डामागे ३५ किलो, मग घरात एक म्हातारी असो की नऊ माणसं. सात माणसांपर्यंत हे प्राधान्यपेक्षा बरं किंवा बरोबरीचं. आठवं माणूस आलं की घाटा सुरू होतो: प्राधान्यमध्ये ४० किलो मिळाले असते, इथे ३५ वर थांबतं. कायद्याने ज्याला सर्वांत गरीब म्हटलं, त्याच्याच मोठ्या घराला माणशी कमी. तरीही अंत्योदयचं कार्ड सोडून कुणी प्राधान्यमध्ये जात नाही आणि त्यात शहाणपणच आहे, कारण एकदा बाहेर पडलं की परतीचा रस्ता इष्टांकातून जातो.

राहता राहिली ऊसतोड. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि पार बेळगावपर्यंत जातात, त्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात. पूर्वी हे सहा महिने कार्ड गावी आणि माणसं फडात, धान्य दुकानदाराच्या पदरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एकमेकांची कार्डं चालू लागली, पुढे सगळ्या देशात. आता कागदावर तरी बारा आकडे पाठ असले की पुरतं. धान्य फोड करूनही घेता येतं, गावी राहिलेले आईबाप त्यांच्या वाट्याचं तिकडे उचलतात, उरलेलं इकडे. सलग सहा महिने काहीच न उचलल्यास कार्ड निष्क्रिय करण्याचा नियम २०२५ मध्ये आला, त्यामुळे टोळीवर जाणाऱ्याने हे करायलाच हवं. अडचण कारखान्याच्या गावातल्या दुकानात येते. त्याचं नियतन स्थानिक कार्डांवर आणि मागच्या महिन्यातल्या उचलीवर बेतलेलं, त्यामुळे पहिल्या महिन्यात परगावच्या टोळीच्या कोप्यांतली, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांतली, पन्नास माणसं एकदम आली की तो ‘माल संपला’ म्हणतो. नाकारायचा अधिकार त्याला नाही, १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर फोन लावता येतो, आणि फोन लावला की माल निघतोही कधी कधी. पण दुकान उघडतं सकाळी आणि टोळी फडात जाते पहाटे अंधारात, गाडी भरून कारखान्यावर खाली होईपर्यंत संध्याकाळ उलटते. दुकानाच्या वेळेला कोपीवर असतात ती पोरं, आणि त्यातल्या निम्म्यांचे ठसे आधारमध्ये अजून चढलेले नसतात.